अक्कांचं लोडशेडिंग

लाईट आली तरी अक्का लगेच उठत नसत. हातातलं वाक्य आधी पुरं करत. पंखा फिरू लागलेला असे, बाकावरची मुलं पुस्तकं मिटून उभी राहिलेली असत, खेड्यावरून फॉर्म भरायला आलेला माणूस एकदा संगणकाकडे आणि एकदा अक्कांकडे बघत असे. अक्का मान खालीच ठेवून डावा हात वर करत. थांबा, असा त्याचा अर्थ.

“अक्का, परत जाईल ना लाईट,” कोणीतरी कुरकुरे.

“जाऊ दे. ती उद्या बी येती. हे वाक्य गेलं तर मी कुठं हुडकू?”

मग पूर्णविराम पडे. मग त्या उठत आणि एकेका संगणकावरची घोंगडी काढत. इतर ठिकाणी संगणकावर प्लॅस्टिकचं आवरण घालायची पद्धत होती. अक्कांच्या दुकानात काळ्या लोकरीची जाड घोंगडी होती. कोणी विचारलं तर त्या सांगत, “पल्याष्टिकात घाम सुटतो त्यांला.”

दुकान घनसावंगीत, बसस्थानकाजवळ, खताच्या दुकानाच्या वर होतं. जिना चढताना युरियाच्या पोत्यांचा वास येई आणि वर पोचलं की टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट जोडलं जातानाचा कर्कश आवाज. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. दुकान मुळात अक्कांच्या मुलाचं. त्याला पुण्यात नोकरी लागली तेव्हा ते विकायचं ठरत होतं. अक्का म्हणाल्या, मी बसते. त्यांचे यजमान ऊस आणि कापूस बघत. ते म्हणाले, बसू द्या, कंटाळली की उठेल. अक्का उठल्या नाहीत.

मी तेव्हा जालन्याहून निघणाऱ्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. पूर्वी बातम्यांचं पाकीट जालन्याच्या बसमध्ये कंडक्टरकडे दिलं की काम संपायचं. मग कचेरीतून निरोप आला, यापुढे बातमी ई-मेलनेच. गावात असं दुकान एकच होतं. त्यामुळे अक्कांची ओळख झाली ती नाइलाजाने.

त्या उंच, हाडापेराने मोठ्या होत्या. डोक्यावर पदर, चष्म्याला दोरी, आणि माळावर लांबवर हाक मारणाऱ्या घरातला आवाज. मुलाशी फोनवर बोलत तेव्हा पुण्यातल्या त्याच्या खोलीचं भाडं किती आणि त्याला सर्दी कशाने झाली हे खाली जीपची वाट बघणाऱ्यांनाही कळे. शिक्षण जुनी मॅट्रिक. वाचन अमर्याद. तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणून संपली, मग रद्दीवाल्याकडून जुने दिवाळी अंक किलोने घेऊ लागल्या. दुकानात लोखंडी मांडणीवर ती सगळी पुस्तकं लावलेली असत. बरीचशी मुखपृष्ठ गेलेली. अक्कांना तीच आवडत. “नाव दिसत न्हाई म्हणून माणूस उघडून तर बघतो,” असं त्यांचं म्हणणं.

भारनियमनाचं वेळापत्रक आमच्याच दैनिकात छापून येई. अक्का ते कापून भिंतीला चिकटवत आणि त्यावर आपला दिवस आखत. लाईट असेल तेव्हा इंटरनेट, नसेल तेव्हा पुस्तक आणि लिहिणं. हाच नियम गिऱ्हाइकांना. मध्येच लाईट गेली तर उरलेला वेळ बुडत नसे, पण जिना उतरायचा नाही. बाकावर बसायचं आणि मांडणीतलं काहीतरी वाचायचं. वाचायचं नसेल तर लिहायचं. मित्राला ई-मेल करायचा आहे ना, मग आधी कागदावर लिही, असं त्या सांगत. कॉलेजच्या मुलांनी कविता दाखवली की म्हणत, “उद्या परत वाच. उद्या बी बराबर वाटली तर मला दाखव.” दुसऱ्या दिवशी कविता घेऊन येणारे फार थोडे असत. जे येत, त्यांची त्या अर्धा-अर्धा तास उलटतपासणी घेत.

एकदा एका मुलाने आणखी एक तास मागितला. सकाळपासून तो बसलेलाच होता. अक्कांनी नाही म्हटलं.

“काहून अक्का? पैसे देऊन राह्यलो ना.”

“मेंढरू बघितलं का कवा? दिवसभर चरत न्हाई ते. थोडं चरतं, मंग बसतं. बसल्यावर रवंथ करतं. नुसतंच चरलं तर पोट फुगतं त्याचं.”

“मी काय मेंढरू हाय का?”

“न्हाई ना. मेंढराला हे सांगावं लागत न्हाई.”

मेंढरांचा विषय त्यांच्या बोलण्यात सारखा येई, कारण त्यांच्या लिहिण्यात तोच होता. अक्कांचे वडील, आबा, तरुणपणी मेंढरं घेऊन चालत. दिवाळी झाली की कळप निघायचा, गोदावरी ओलांडून परभणी, नांदेडकडे जायचा आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचा. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत. रानाला खत मिळे, यांना धान्य. पुढे आबांनी जमीन घेतली, कळप विकला, मुलांना शाळेत घातलं. त्यांच्याबरोबर चाललेली माणसं एकेक करून गेली. ती वाट माहीत असलेले आबा शेवटचे उरले होते. ते अक्कांकडेच राहायला आले होते. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, वाचता कधीच येत नव्हतं. त्यांनी लेकीला एकच गोष्ट सांगितली होती: माझी वाट लिही, निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत, एकही मुक्काम न गाळता, आणि मी आहे तोवर मला ती वाचून दाखव.

अक्कांनी हे मनावर घेतलं होतं. रोज सकाळी आबा घरी सांगत, अक्का दुकानात लिहीत आणि संध्याकाळी लिहिलेलं वाचून दाखवत. बिघडलेल्या छपाईच्या कागदांची कोरी बाजू त्या वापरत. काही पानं मी वाचली होती. त्यात शोभिवंत काही नव्हतं. कळप सकाळी कोणत्या बाजूने निघाला, पाणी कुठे मिळालं, घोड्यावर काय लादलं, कोण भांडलं. बातमीदाराला त्यात दुरुस्तीला जागा नव्हती.

मग मुलाने पुण्याहून इन्व्हर्टर पाठवला.

त्याचा हेतू चांगला होता. दोन मोठ्या बॅटऱ्या जिन्याखाली बसवल्या गेल्या आणि दुकानातली लाईट जायची बंद झाली. गर्दी वाढली. माझ्यासारख्यांची सोय झाली. भिंतीवर नवीन वेळापत्रक चिकटवायचं राहून गेलं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्याच सुमारास अक्कांना एक मराठी संकेतस्थळ सापडलं. लोक तिथे लेख लिहीत आणि इतर लोक खाली प्रतिक्रिया देत. अक्कांनी एका बोटाने टंकून आबांच्या वाटेतला एक प्रसंग तिथे टाकला. रात्री कळपावर लांडगा आला आणि कुत्र्यांनी तो कसा परतवला, हा तो प्रसंग. दुसऱ्या दिवशी खाली प्रतिक्रियांची रांग लागलेली. पुण्याची माणसं, मुंबईची, अमेरिकेची. कोणी मावशी म्हटलं, कोणी ताई. कोणी लिहिलं, अंगावर काटा आला. अक्कांनी मला हाताला धरून पडद्यासमोर बसवलं आणि सगळ्या प्रतिक्रिया मोठ्याने वाचून दाखवल्या. आयुष्यात त्यांचं लिहिलेलं तोवर दोघांनीच वाचलं-ऐकलं होतं, आबांनी आणि मी.

त्यानंतर अक्का पडद्यासमोरून हलेनाशा झाल्या. प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर द्यायचं, त्या उत्तराला आलेलं उत्तर बघायचं, दुसऱ्यांचे लेख वाचून त्यांना लिहायचं. दुकानात पाऊल टाकलं की त्यांची पाठ दिसे. “बसा भाऊ, आलेच,” म्हणत आणि येत नसत. मांडणीतल्या पुस्तकांवर धूळ बसली. कोऱ्या बाजूचे कागद साठत गेले.

एका सकाळी दुकान उघडलेलं नव्हतं, म्हणून अक्कांना बोलवायला त्यांच्या घरी जावं लागलं. आबा ओसरीवर बसले होते. आतून अक्का बाहेर आल्या तशी त्यांनी विचारलं, “आज कुठवर आलो आपण?”

“तिथंच, आबा.”

“गोदावरीच्या उताराशी?”

“हां.”

आबांनी थोडा विचार केला. “पाणी कवाच उतरलं आसंल की. मेंढरं किती दिस उभी करायची काठाला? उपाशी मरत्याल. हाक पुढं.”

अक्का हसल्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू फार वेळ टिकलं नाही. जिना चढताना त्या मला म्हणाल्या, आज लिहिते. त्या दिवशीही लिहिलं नाही. संकेतस्थळावर लोक आणखी लांडग्याची मागणी करत होते.

आणि मग त्यांनी लांडगा पुरवला. आबांच्या सांगण्यात नसलेला, नवाकोरा, आधीच्याहून मोठा लांडगा. तो चांदण्यात येतो, पायाने अधू मेंढी उचलतो, आबा एकटे काठी घेऊन त्याच्या मागे धावतात. प्रतिक्रिया पहिल्याच्या दुप्पट आल्या. अक्कांनी ते पान छापलं आणि संध्याकाळी वडिलांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मला सगळं सांगितलं. काहीही न लपवता, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं.

आबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “हा लांडगा कुठून आला?”

“असाच आला, आबा. लोकांला आवडतो.”

“मंग लोकांनीच पाळावा त्याला. माझ्या वाटंवर लांडगा एकदाच आल्ता.” आणि पुढे, “म्या मेंढरं सोडून एकटा पळालो? बाकीचा कळप कोणापाशी ठिवला?”

इथवर सांगून अक्का माझ्याकडे वळल्या. “एवढं बी कळलं न्हाई मला भाऊ,” त्या म्हणाल्या. “मेंढपाळ कळप सोडून पळत न्हाई. मी त्यांची पोरगी, आन् अमेरिकेतल्या बाईसाठी त्यांला पळवलं.”

त्या दिवशी त्यांनी संकेतस्थळावर एका ओळीत लिहून टाकलं की दुसरा लांडगा खोटा आहे. काही लोक रागावले. एकाने लिहिलं, खोटा असला तरी छान होता. अक्कांनी त्याला उत्तर दिलं नाही. कदाचित पहिल्यांदाच.

पुढच्या सोमवारी दुकानात गेलो तर अंधार. खाली खताच्या दुकानात पंखा चालू होता, शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरत होता. वर चारही संगणकांवर घोंगडी. बाकावर पाच-सहा जण तोंड पाडून बसलेले. भिंतीवर अक्कांच्या हस्ताक्षरातला कागद होता: ‘दुकानाचं लोडशेडिंग’. खाली वेळा. सकाळी अमुक ते अमुक, दुपारी अमुक ते अमुक. जुन्या सरकारी वेळापत्रकावरून उतरवलेल्या.

“अक्का, गिरणीत लाईट हाय,” एक जण म्हणाला.

“मंग दळण घेऊन जा.”

“इन्व्हर्टर बिघडला का?”

“न्हाई. म्या बटन बंद केलं.”

“असं कसं चालंल अक्का? उद्या लाष्ट तारीख हाय फॉर्मची.”

“आजच चालू व्हणार हाय, चार वाजता. तवर वाच काय तरी. फॉर्मात वाचनाची आवड हाय का म्हणून विचारलं का न्हाई तुला?”

“विचारलंय.”

“काय लिहिलंस?”

बाकीचे हसले. त्याने मांडणीतून एक पुस्तक काढलं.

मी माझी अडचण सांगितली. बातमीला वेळ असते, कचेरी अक्कांचं लोडशेडिंग ऐकून घेणार नाही. अक्कांनी मला वेळापत्रक वाचायला सांगितलं. “चार वाजल्यापासून तुमचीच हाय की जागा. बातमी लिहून आणा, बसा, धाडा. इथं येऊन इकडचं बघ, तिकडचं बघ, मंग लिही, असं काहून?” त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. त्या दिवसापासून बातमी घरी हाताने लिहून न्यायची सवय लागली. पाठवायचं काम थोड्या वेळात होऊ लागलं आणि कचेरीतल्या उपसंपादकाने बातम्या आखूड झाल्या आहेत, असं फोनवर समाधानाने सांगितलं.

गिऱ्हाइकं मात्र तुटली. काही जण जीपने अंबडला जाऊ लागले. मुलाचा पुण्याहून फोन आला. अक्कांचा आवाज जिन्यावर ऐकू येत होता. “बॅटऱ्या चांगल्या हायेत रे बाळा. लईच चांगल्या हायेत, तीच तर भानगड हाय.” यजमान एकदा स्वतः वर येऊन गेले. शेतातल्या पंपाला लाईट मिळत नाही म्हणून ते रात्रंदिवस वैतागलेले असत आणि इथे घरची बाई असलेली लाईट बंद करून बसली होती. ते बाकावर बसले. अक्कांनी त्यांच्याही हातात एक पुस्तक दिलं. उसावरचं होतं. ते वाचतच खाली गेले आणि पुन्हा तक्रार केली नाही, पुस्तकही परत केलं नाही.

कळप गोदावरी उतरला. पुढचे मुक्काम भराभर होऊ लागले. अक्कांनी संकेतस्थळ सोडलं नव्हतं, तेही सांगायला हवं. चारनंतरच्या वेळेत, दुकानात जागा रिकामी असेल तर, त्या बसत. पण आता लिहून झालेलं दाखवायला नाही. एखादं अडलेलं विचारायला.

आणि अडलं ते परतीच्या वाटेवर. नांदेडच्या बाजूला एक मुक्काम असा होता की तो आबांना अर्धाच आठवत होता. दोन चिंचा, पडकी विहीर, शेतमालकाची लहान मुलगी. गावाचं नाव गेलं होतं. तिथे आबांचं एक काळं कुत्रं पायाला काटा लागून अधू झालं आणि त्यांनी ते त्या मुलीपाशी ठेवलं. पुढच्या वर्षी वाट बदलली, परत तिकडे जाणं झालं नाही. मुक्काम गाळायचा नाही, ही आबांची अट. नाव नसलेला मुक्काम लिहायचा कसा, म्हणून आबा स्वतःवरच चिडत होते.

अक्कांनी संकेतस्थळावर चिंचा, विहीर आणि कुत्रं लिहून विचारलं, हे गाव कोणाला माहीत आहे का? बरेच दिवस काही आलं नाही. मग बेंगळुरूहून एकाने लिहिलं की त्याची आई त्याच भागातली आहे. तिला त्याने फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, विहीर आमचीच, आणि ते काळं कुत्रं मी सांभाळलं.

गावाचं नाव त्याने कळवलं होतं. अक्कांनी ते घरी जाऊन आबांना सांगितलं. मी सोबत होतो. आबांनी नाव दोनदा उच्चारलं. बराबर हाय, म्हणाले. मग त्यांनी गावाचं सोडून दिलं.

“कुत्रं किती जगलं, ते इचारलं का?”

“तिच्या लग्नापर्यंत होतं म्हणे, आबा. मांडवात हिंडत होतं.”

“त्या अधू पायावर?”

“त्याच पायावर. जरा लंगडत होतं.”

आबा म्हणाले, “त्या बाईला धाड तुझ्या डबड्यातून. म्हणावं मेंढरवाल्यानं राम राम सांगितलाय.”

त्या उन्हाळ्यात आबा आजारी पडले. जालन्याच्या दवाखान्यात आठवडाभर ठेवून डॉक्टरांनी घरी पाठवलं. हृदय थकलंय, जपा, एवढंच सांगितलं. लिहिणं परतीच्या मध्यावर होतं. मुलाने फोनवर सुचवलं, आई, राहिलेलं आबांना थोडक्यात सांगून टाक.

“थोडक्यात चालले न्हवते ते,” अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

अडचण खरी होती. प्रवेशाच्या फॉर्मचे दिवस असल्याने दुकान बंद ठेवता येत नव्हतं आणि आबांना घरी एकटं ठेवता येत नव्हतं. अक्कांनी आबांची बाज दुकानात आणायचं ठरवलं. आबा जिना चढू शकत नव्हते. फॉर्म भरायला आलेल्या चौघांनी त्यांना लाकडी खुर्चीत बसवून वर नेलं. पुढे हे रोजचंच झालं. सकाळी वर, संध्याकाळी खाली. कोण उचलणार यावरून मुलांत वादही होत, कारण उचलणाऱ्याला संगणकाचा नंबर आधी मिळे. हा नियमही अक्कांचाच.

अशा रीतीने तालुक्याच्या गावातल्या त्या इंटरनेटच्या दुकानात चार संगणक, एक पुस्तकांची मांडणी आणि खिडकीशी एक बाज, असं सगळं एकत्र नांदू लागलं. दुकानाच्या लोडशेडिंगमध्ये आबा सांगत, अक्का लिहीत, लगेच वाचून दाखवत. वाट बघणारे बाकावरून ऐकत. आधी नाइलाजाने, मग मन लावून. केदारखेड्याकडचा एक माणूस मुलीच्या प्रवेशासाठी बहिणीकडे येऊन राहिला होता. फॉर्म भरून झाल्यावरही तो रोज येत राहिला.

“बाबा, परत जाताना लांडगं आलं का न्हाई?” त्याने विचारलं.

“न्हाई आलं,” आबा म्हणाले. “तुला बी लांडगंच पायजे का रं? मेंढराला खायला काय मिळालं ते ईचार.”

“काय मिळालं?”

“काही न्हाई मिळालं त्या दिशी. बस आता, ऐक.”

आबांचा आवाज बारीक होत चालला होता. काही दिवस ते एखाददुसरं वाक्यच बोलत आणि डोळे मिटत. अक्का कागद मांडीवर घेऊन थांबत. पडदे बंद, लाईट बंद, खालून फक्त पोती उतरवल्याचे आवाज. अक्कांनी त्यांना कधी हलवलं नाही की पुढे काय म्हणून डिवचलं नाही. उशीर होतो आहे हे त्यांना दिसत होतं. मी एकदा हळूच म्हटलं, उरलेला भाग तुम्हाला अंदाजाने लिहिता येईल. एवढी वाट तुमच्या अंगवळणी पडली आहे.

“येईल की,” त्या म्हणाल्या. “लांडगा बी अंदाजानंच लिवला होता.”

शेवटचा मुक्काम आला तो दुपारी. आकाश भरून आलेलं, दुकानात नेहमीपेक्षा जास्त माणसं. अक्का वाचत होत्या. कळप गावाच्या शिवेत आला, मेंढरांनी आपलं पाणी ओळखलं आणि ती न हाकता पळू लागली, घोड्यावरचं ओझं उतरवलं, आबांच्या आईने दारात येऊन आधी कोकरं बघितली आणि मग मुलगा. कागद संपला. अक्कांनी चष्मा काढला.

आबांचे डोळे मिटलेले होते. एका मुलाने पुढे होऊन त्यांच्या छातीकडे निरखून बघितलं.

“बघतो काय? जित्ता हाय,” आबा म्हणाले.

बाक हसला. अक्काही हसल्या, मग पदराने डोळे पुसले. “संपलं, आबा. एक बी मुक्काम गाळला न्हाई. बराबर झालं का?”

“बराबर झालं.” आबांनी मान हलवली. “हे त्या सालाचं झालं.”

“म्हंजे?”

“म्हंजे काय म्हंजे? एकाच साली चाललो का मी? दुसऱ्या साली वाट निराळी व्हती. माणसं निराळी व्हती.”

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. घड्याळात चार वाजले होते. मुलं घड्याळाकडे बघत होती, पण कोणी उठलं नव्हतं.

“आबा, जरा दम धरा. पोरांचा टाइम झाला, चालू करून देते.”

“दे की. त्यांचं काम खोळंबलंय. पर देऊन जल्दी ये.”

अक्कांनी घोंगडी काढली, बटनं दाबली, केदारखेड्याच्या माणसाला त्याच्या मुलीच्या प्रवेशाचं उत्तर आलं आहे का ते बघून दिलं. मला एक जागा दाखवली. टेलिफोनची तार किरकिरली आणि जोडली गेली. मग त्या परत बाजेपाशी आल्या आणि खाली जमिनीवर बसल्या. चार वाजून गेल्यावर त्यांना लिहायला बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

“त्या साली दिवाळी लवकर आल्ती,” आबा म्हणाले. “ज्वारी रानात उभीच. मेंढरं न्यायला वाटच न्हवती.”

“मंग?” अक्का म्हणाल्या.